यंत्राचं नाव कोणी ठेवायचं?

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू होतो तेव्हा पहिले काही क्षण त्याला नाव नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत उतरतो, प्रोसेसर आणि डिस्क ओळखतो. नावाच्या रकान्यात मात्र कंसातला ‘नन’ एवढाच शब्द असतो. कर्नल बांधताना कोणी वेगळं सांगितलं नसेल तर ही अवस्था अशीच पुढे चालते. मग कर्नल पहिली प्रक्रिया सुरू करतो. आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर ती ‘सिस्टिमडी’ असते. सिस्टिमडी डिस्कवरच्या ‘ईटीसी’ फोल्डरातली ‘होस्टनेम’ नावाची फाइल उघडते, तिच्यातली एक ओळ वाचते आणि कर्नलला सांगते, आजपासून तुझं नाव हे. लॉगिनची चौकट पडद्यावर येण्याच्या बरंच आधी हा विधी उरकलेला असतो.

ती ओळ कोणी लिहिली, ती बदलायचा हक्क कोणाला, आणि ती कोण कोण वाचतं, या प्रश्नांमागे पन्नास वर्षांहून जुना इतिहास आहे. संगणकांना एकमेकांशी बोलायला खरं तर नाव लागत नाही, त्यांचं काम आकडी पत्त्यावर भागतं. नाव लागतं ते माणसांना. पण माणसांच्या सोयीसाठी आलेली ही गोष्ट हळूहळू यंत्राच्या अंगोपांगात मुरली. लॉगमधल्या प्रत्येक नोंदीवर ते नाव असतं. टर्मिनल उघडलं की ‘अमुक ॲट तमुक’ यातलं तमुक तेच. प्रिंटरची रांग, मेल सर्व्हर, बॅकअप, मॉनिटरिंग, सगळे त्याच नावाने यंत्राला ओळखतात. म्हणूनच ते चुकलं किंवा अचानक बदललं की भलत्याच ठिकाणी काहीतरी मोडतं, आणि मोडलेल्या जागी उभं राहून खरं कारण दिसत नाही.

नाव कोणी ठेवायचं हा प्रश्न संगणक एकमेकांना जोडले गेले तेव्हापासूनचा आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे अर्पानेट या जाळ्यावरचा पहिला संदेश गेला. जाळं वाढत गेलं तशी प्रत्येक ठिकाणच्या लोकांनी इतरांच्या यंत्रांना आपापल्या सोयीची नावं दिली. त्यामुळे एकच यंत्र इथे एका नावाने ओळखलं जायचं आणि तिथे दुसऱ्या. एका केंद्रातून उठून दुसऱ्या केंद्रात बसणाऱ्या माणसाचा गोंधळ व्हायचा. सप्टेंबर १९७१ मध्ये मायटर या संस्थेतल्या पेगी कार्प यांनी या गोंधळावर एक टिपण लिहिलं. नेटवर्कची मानकं ज्या क्रमांकित टिपणांमधून ठरत आली त्या आरएफसी मालिकेतलं ते २२६ वं. सगळ्यांनी सगळ्यांसाठी एकच नाव वापरावं, आणि ती ही यादी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर १९७३ मध्ये, पीटर डॉइच यांनी आरएफसी ६०६ मध्ये पुढचा मुद्दा मांडला. प्रत्येक केंद्राने नावांची यादी स्वतंत्रपणे हाताने सांभाळायची ही पद्धतच विचित्र आहे, यादी एका ठिकाणी असावी आणि यंत्रांना ती थेट वाचता यावी. जानेवारी १९७४ मध्ये मेन्लो पार्कच्या नेटवर्क इन्फर्मेशन सेंटरने ही जबाबदारी घेत असल्याचं जाहीर केलं.

या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. सगळे त्यांना ‘जेक’ म्हणत. त्यांचं शिक्षण रसायनशास्त्राकडचं, पण माहितीची मांडणी कशी करावी या ओढीने त्या १९७२ मध्ये तिथलेच संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या गटात आल्या आणि १९८९ पर्यंत त्यांनी हे केंद्र चालवलं. ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल त्यांच्या केंद्रात राहायची. नवं यंत्र जोडायचं असेल तर कार्यालयाच्या वेळेत फोन करायचा, नाव आणि पत्ता सांगायचा. नाव आधीच कोणी घेतलेलं नाही ना, हे केंद्रातली माणसं पाहायची आणि फाइलीत एक ओळ वाढायची. उरलेल्या सगळ्या केंद्रांनी ती फाइल वेळोवेळी उतरवून घ्यायची. आज ज्याला आपण इंटरनेट म्हणतो त्याचं संपूर्ण नामकरण काही काळ एका इमारतीतल्या मूठभर लोकांनी सांभाळलं. त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. मानकं लिहिणाऱ्यांची नावं इतिहासात राहतात, यादी स्वच्छ ठेवणाऱ्यांची क्वचितच. फाइनलर यांना इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये २०१२ मध्ये स्थान मिळालं, म्हणजे त्या निवृत्त झाल्यावर कितीतरी वर्षांनी.

जाळ्याने वेग घेतल्यावर ही व्यवस्था टिकणं शक्य नव्हतं. फाइल मोठी होत होती, तिच्यात रोज बदल होत होते, आणि ती उतरवून घेणारी यंत्रंही वाढत होती. दोन गावांतल्या दोन प्रयोगशाळांना एकच नाव हवं असलं तर कोणाला तरी नकार द्यावा लागायचा. नोव्हेंबर १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधल्या पॉल मोकापेट्रिस यांनी आरएफसी ८८२ आणि ८८३ मध्ये डोमेन नेम सिस्टिम मांडली. तिची कहाणी सांगताना बहुतेक लेखक वेगावर आणि आकारावर भर देतात. मला तिच्यात सगळ्यांत मोठी वाटते ती हक्काची वाटणी. मुळाशी बसलेल्याने फक्त पहिल्या फांद्या ठरवायच्या, त्या फांदीखाली काय नाव द्यायचं ते फांदीवाल्याने ठरवायचं. मेन्लो पार्कला फोन करायची गरज संपली.

इथे एक फरक नीट पाहायला हवा, कारण पुढच्या बऱ्याच अडचणी त्याच्या विस्मरणातून येतात. डोमेन नेम सिस्टिम जगाला सांगते की अमुक नावाच्या मागे अमुक पत्ता आहे. यंत्र स्वतःला काय म्हणवतं, हे ती सांगत नाही. ते कर्नलमधल्या त्या छोट्या रकान्यात असतं. ही दोन्ही नावं जुळावीत अशी सगळ्यांची अपेक्षा असते, पण त्यांना जुळवून ठेवणारा कोणताही नैसर्गिक नियम नाही.

त्या रकान्याची लांबीही बोलकी आहे. जुन्या युनिक्समध्ये तिथे आठ अक्षरांची जागा होती, लिनक्सच्या अगदी सुरुवातीच्या रचनेतही आठच. आज लिनक्समध्ये ६४ आहे. १९८३ मध्ये बर्कलीहून आलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्सने यंत्राचं नाव विचारायला आणि ठेवायला दोन स्वतंत्र सिस्टिम कॉल दिले, आणि त्यांची ‘गेट’ आणि ‘सेट’ ही जोडी आजही तशीच वापरात आहे. नावात कोणती अक्षरं चालतात हे मात्र कर्नल ठरवत नाही. लिनक्सचा कर्नल ६४ बाइट्समध्ये मावेल ते काहीही मुकाट्याने ठेवून घेतो. अक्षरांचं बंधन आलं नेटवर्ककडून. फाइनलर यांच्या केंद्राने ऑक्टोबर १९८५ मध्ये काढलेल्या आरएफसी ९५२ नुसार रोमन अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि नावाचे भाग वेगळे करणारं टिंब एवढंच चालायचं, सुरुवात अक्षरानेच व्हायला हवी आणि लांबी २४ पर्यंत. चार वर्षांनी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, आरएफसी ११२३ ने आकड्याने सुरू होणारी नावं मान्य केली. ‘थ्रीकॉम’सारख्या कंपनीचं नावच आकड्याने सुरू होत होतं, तेव्हा जुना नियम फार काळ टिकणारही नव्हता.

त्याच बीएसडीने एक धोकादायक सवयही लावली. एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना पासवर्ड न विचारता केवळ यंत्राच्या नावावर विश्वास ठेवायचा. विश्वासातल्या यंत्रांची नावं एका फाइलीत लिहिली की तिथल्या माणसाला दार उघडं. विद्यापीठाच्या आवारात, सगळे एकमेकांना ओळखत असताना, हे सोयीचं होतं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिसने सोडलेला वर्म, म्हणजे स्वतःच्या नकला पसरवणारा प्रोग्राम, ज्या वाटांनी पसरला त्यांतली एक वाट हीच होती. शिरलेल्या यंत्रावरच्या याद्या वाचायच्या आणि त्यांतल्या नावांच्या यंत्रांकडे जायचं. नाव म्हणजे पुरावा नव्हे, हा धडा त्यातून पुढे आला. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, तेव्हा यंत्राची ओळख नावावरून न ठरता किल्लीवरून ठरू लागली. नाव उरलं ते शोधण्यापुरतं.

माणसांनी यंत्रांना नावं कशी द्यावीत यावर त्या काळात एक सुंदर टिपण निघालं. डॉन लिब्स यांनी ते नोव्हेंबर १९८९ च्या ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या मासिकात लिहिलं आणि ऑगस्ट १९९० मध्ये ते आरएफसी ११७८ म्हणून प्रसिद्ध झालं. प्रकल्पाचं नाव यंत्राला देऊ नका, प्रकल्प संपतो आणि यंत्र उरतं. स्वतःचं नाव देऊ नका, यंत्र उद्या दुसऱ्याकडे जाईल. फार लांब नको, लिहिताना चुकेल असं नको. एखादा विषय धरून नावं द्या, म्हणजे नवं यंत्र आलं की अडणार नाही. साधा सल्ला आहे आणि आजही तो सगळाच्या सगळा लागू पडतो.

भारतातही ही रीत पोहोचली, आणि तिचं घर होतं मुंबईत जुहूला. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली तिथे उभी राहिली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात ती, बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, पाच आयआयटी आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे सहभागी होते. परदेशाशी कायमचा दुवा जोडला गेला तो जुहूहून अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यापर्यंत, सेकंदाला ९६०० बिट्सच्या वेगाने. ८ मे १९८९ रोजी ‘डॉट इन’ हे देशाचं डोमेन एनसीएसटीकडे सोपवलं गेलं आणि २००५ पर्यंत ते तिथेच सांभाळलं गेलं. त्या काळात ‘डॉट इन’ची नावं जगाला सांगणाऱ्या तिथल्या सर्व्हरांपैकी एकाचं नाव ‘संगम’ होतं, आणखी एक ‘शक्ती’ होतं. म्हणजे ‘डॉट इन’चं नाव शोधणाऱ्या जगातल्या यंत्रांना अनेकदा ‘संगम’ला विचारावं लागायचं. लिब्स यांच्या कसोटीवर हे नाव पूर्ण उतरतं. छोटं, अर्थपूर्ण, एका सुरेख विषयातलं आणि कोणत्याही प्रकल्पाशी न बांधलेलं.

आता यंत्राच्या आत परतू, कारण पुढची पंधरा-वीस वर्षं गोंधळ तिथे होता.

लिनक्सच्या प्रत्येक वितरणाने नाव ठेवायची जागा वेगळी धरली. डेबियनमध्ये ती ‘ईटीसी’तली ‘होस्टनेम’ फाइल होती. सुसेमध्ये तशीच फाइल, पण सगळी अक्षरं कॅपिटल. रेड हॅटमध्ये ‘सिसकॉन्फिग’ फोल्डरातल्या ‘नेटवर्क’ फाइलीत एक ओळ. जेंटूची आणखी वेगळी. सुरू होताना एखादी स्क्रिप्ट त्या फाइलीतून नाव उचलून कर्नलला द्यायची. एवढ्यावर भागलं असतं तर फार बिघडलं नसतं. पण नाव ठेवायला आणखी हात पुढे यायचे. नेटवर्कवरचा डीएचसीपी सर्व्हर यंत्राला पत्ता देतो तेव्हा ‘तुझं नाव हे’ असंही सांगू शकतो. त्यासाठी त्या प्रोटोकॉलमध्ये बारा क्रमांकाचा पर्यायच आहे. डीएचसीपी क्लायंटची स्क्रिप्ट ते नाव थेट कर्नलमध्ये घालायची. नेटवर्कची जोडणी सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर आला, त्यालाही मत होतं. वितरणाचं सेटिंगचं साधन आणखी तिसरीकडे लिहायचं. शेवटी ज्याने लिहिलं त्याचं नाव टिकायचं.

याचा त्रास लॅपटॉपवाल्यांना सर्वाधिक. ऑफिसातून घरी आलं, घरच्या राउटरने वेगळं नाव दिलं, आणि चालू असलेल्या पडद्यावर नव्या खिडक्या उघडेनाशा झाल्या. कारण असं की एक्स विंडो सिस्टिम खिडकी उघडायची परवानगी ज्या फाइलीत नोंदवते, तिथे ती यंत्राच्या नावाखाली नोंदवलेली असते. नाव बदललं की नोंद सापडत नाही. वापरणाऱ्याला दिसायचं ते एवढंच, की काल चालणारा प्रोग्राम आज सुरूच होत नाही. वायफाय आणि ब्राउझर यांचा काय संबंध, असं कोणीही विचारेल. संबंध होता, आणि तो नावातून जात होता.

३० एप्रिल २०१० रोजी लेनर्ट पॉटरिंग यांनी सिस्टिमडीची कल्पना जाहीर केली. त्यांच्या बरोबर काम करणाऱ्यांत काय सीव्हर्स होते. सिस्टिमडीवर वाद पुष्कळ झाले, त्यातले काही वाद योग्यही होते. पण २०११ मध्ये तिच्यात आलेली ‘होस्टनेमडी’ ही छोटी सेवा मला तिच्यातल्या सगळ्यांत विचारपूर्वक केलेल्या कामांपैकी एक वाटते. कारण तिने ‘नाव कोणाचं खरं’ या भांडणात बाजू घेतली नाही. एका यंत्राला तीन नावं असतात हे तिने मान्य केलं आणि प्रत्येकाला स्वतंत्र जागा दिली.

पहिलं स्थिर नाव. ते मालकाने ठेवलेलं, ‘ईटीसी’तल्या ‘होस्टनेम’ फाइलीत लिहिलेलं. सिस्टिमडी वापरणाऱ्या सगळ्या वितरणांची जागा आता ही एकच. दुसरं तात्पुरतं नाव. ते कर्नलच्या रकान्यात या घडीला असतं, आणि नेटवर्कने काही सुचवलं तर तिथे येऊ शकतं. तिसरं माणसांसाठीचं नाव, ‘मशीन-इन्फो’ नावाच्या फाइलीत ठेवलेलं. त्यात मोकळी जागा चालते, अपॉस्ट्रॉफी चालते, आणि यूटीएफ-८ मधलं कोणतंही अक्षर चालतं. आपल्याकडे जुन्या घरांत एकाच बाईला शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नात सासरच्यांनी बदललेलं दुसरं, आणि भावंडं हाक मारत ते तिसरं, असं असायचं, आणि या यंत्राचंही तसंच आहे. फरक इतकाच की होस्टनेमडीच्या नियमात दाखल्यावरचं नाव असेल तर सासरच्या नावाला काही चालत नाही. स्थिर नाव ठेवलेलं असेल आणि ते नुसतं ‘लोकलहोस्ट’ नसेल, तर नेटवर्क काय म्हणतं याकडे दुर्लक्ष होतं. खिडक्या न उघडण्याचा तो जुना आजार या एका नियमाने बरा झाला.

सेवेची बांधणीही पाहण्यासारखी आहे. संगणक सुरू होताना नाव लावायचं काम होस्टनेमडी करत नाही, ते पहिली प्रक्रियाच उरकते. होस्टनेमडी झोपलेली असते. कोणी प्रोग्रामने डी-बस या अंतर्गत निरोपमार्गावर तिला हाक मारली की ती जागी होते, उत्तर देते, आणि काही वेळ कोणी विचारलं नाही तर पुन्हा बंद होते. नाव बदलायची विनंती आली तर ती आधी परवानग्या तपासणाऱ्या पोलकिटला विचारते की हा माणूस प्रशासक आहे का. तात्पुरतं नाव, स्थिर नाव आणि उरलेली माहिती, यांच्या परवानग्याही वेगवेगळ्या. बदल झाला की ती डी-बसवर जाहीर करते, त्यामुळे ज्यांना कळायला हवं त्यांना लगेच कळतं आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही. सेवेच्या स्वतःच्या हातांनाही बंधनं घातलेली आहेत. वापरणाऱ्यांच्या होम फोल्डरांना ती हात लावू शकत नाही.

टर्मिनलवर ‘होस्टनेमसीटीएल’ एवढंच लिहून एंटर दाबलं की तिचं सगळं उत्तर समोर येतं: स्थिर नाव, यंत्राचा प्रकार, मशीन आयडी, कर्नल, बनावटीचं नाव. यंत्र लॅपटॉप आहे, सर्व्हर आहे, टॅबलेट आहे की दुसऱ्या यंत्राच्या पोटात चालणारं आभासी यंत्र, हे ती स्वतः ओळखते. चुकलं तर आपण सांगू शकतो. याच आज्ञेत ‘सेट-होस्टनेम’ म्हणून अवतरणात ‘लेनर्ट्स पीसी’ असं अपॉस्ट्रॉफी आणि मोकळ्या जागेसह लिहिलं, तर माणसांसाठीचं नाव तसंच्या तसं ठेवलं जातं, आणि स्थिर नावासाठी त्यातून अपॉस्ट्रॉफी गळते, मोकळ्या जागी आडवी रेघ येते. दोन वाचकांसाठी दोन रूपं, आणि वापरणाऱ्याने फक्त एकदा सांगायचं.

ॲपलनेही मॅकमध्ये अशीच तीन नावं ठेवली आहेत, संगणकाचं, स्थानिक जाळ्यातलं आणि होस्टचं. दोन वेगळ्या घराण्यांतले अभियंते एकाच आकड्यावर आले, याचा अर्थ प्रश्नाचा आकारच तसा आहे.

स्थिर नाव बदलल्यावर येणारी एक अडचण मात्र अजून भेटते. प्रशासकाच्या हक्काने काम करवून घेणारं ‘सुडो’ लावून कोणतीही आज्ञा द्यावी, तर ती आधी तक्रार करते की या नावाचं यंत्र सापडत नाही. माणूस चक्रावतो, कारण यंत्र तर समोरच आहे. सुडोच्या नियमांमध्ये ‘हा माणूस या यंत्रावर हे करू शकतो’ असं लिहायची सोय असते, म्हणून सुडो स्वतःच्या यंत्राचं नाव शोधून पाहते. नाव बदललं, पण ‘होस्ट्स’ फाइलीत जुनंच राहिलं, तर शोध फसतो. ही फाइल म्हणजे फाइनलर यांच्या त्या यादीची थेट वंशज, ती प्रत्येक यंत्रावर अजून जिवंत आहे. डेबियनमध्ये तिच्यात यंत्राचं स्वतःचं नाव १२७.०.१.१ या पत्त्यासमोर लिहिलेलं असतं, कारण लॅपटॉपला कायमचा पत्ता नसतो आणि काही प्रोग्रामांना आपलं नाव कुठेतरी पोहोचलेलं लागतं. सिस्टिमडीने यावरही उपाय दिला. ‘मायहोस्टनेम’ नावाचा एक छोटा भाग नावाच्या शोधात सामील केला की यंत्राला स्वतःचं नाव कोणत्याही फाइलीशिवाय सापडतं.

नाव आणि ओळख यांची गल्लत शाळा-महाविद्यालयांच्या संगणक कक्षांमध्ये मी वारंवार पाहिली आहे. एक यंत्र नीट बसवायचं आणि त्याच्या डिस्कची नक्कल उरलेल्यांवर उतरवायची, ही तिथली रास्त पद्धत. पण मग सगळी यंत्रं एकाच नावाची होतात. लॉगमधून कोणत्या टेबलावरचं यंत्र बिघडलं ते कळत नाही. स्थानिक जाळ्यात स्वतःला जाहीर करणारी अवाही ही सेवा दुसऱ्या यंत्राला आपल्याच नावाचं भांडण दिसलं की नावापुढे रेघ आणि दोन लावते, तिसऱ्याला तीन, आणि उद्या यंत्रं वेगळ्या क्रमाने सुरू झाली की आकडे फिरतात. मास्तरांना वाटतं नावं बदलली की झालं. पण नकलेबरोबर मशीन आयडीही उतरलेला असतो. तो ३२ चिन्हांचा आकडा यंत्राची खरी ओळख आहे. काही व्यवस्थांमध्ये डीएचसीपीकडे पत्ता मागताना त्यावरूनच काढलेली ओळख दिली जाते, आणि मग दोन टेबलांवरच्या दोन यंत्रांना एकच आयपी मिळतो. नक्कल काढण्याआधी मशीन आयडीची फाइल रिकामी करायची, ती पुढच्या वेळी आपोआप नवी बनते. संगणक कक्ष सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

क्लाउडमध्ये नावाचा हक्क आणखी सरकला. तिथे यंत्र जन्मताच ‘क्लाउड-इनिट’ नावाचा प्रोग्राम त्याला नाव देतो, आणि अनेकदा ते नाव म्हणजे ‘आयपी’ ही अक्षरं आणि पुढे रेघांनी जोडलेला पत्ता. मालकाने ते बदललं तरी यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर क्लाउड-इनिट जुनं नाव परत आणू शकतो. ‘प्रिझर्व्ह होस्टनेम’ असं त्याच्या फाइलीत लिहिलं तरच तो हात आखडतो. कंटेनरांची गोष्ट वेगळी. २००६ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६.१९ मध्ये कर्नलचा तो नावाचा रकाना विभागता येऊ लागला, म्हणजे एकाच कर्नलवर चालणाऱ्या प्रक्रियांच्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी नावं. कंटेनर चालवणारा डॉकर याच सोयीवर उभा आहे. त्याच्या कंटेनरला आपण नाव दिलं नाही तर त्याच्या आयडीची पहिली बारा चिन्हं हेच त्याचं नाव होतं. काही मिनिटं जगून जाणाऱ्या यंत्राला तेवढं पुरतं.

जिथे माणूस आहे तिथे मात्र नाव फार बोलतं. फोन किंवा लॅपटॉप वायफायला जोडला जातो तेव्हा तो अनेकदा डीएचसीपीला स्वतःचं नाव सांगतो. कॉफीच्या दुकानात, विमानतळावर, परक्या कार्यालयात. त्या नावात बऱ्याचदा मालकाचं पहिलं नाव असतं, कारण ॲपलच्या फोनांमध्ये अनेक वर्षं सुरुवातीचं नावच तसं बनायचं. मार्च २०१७ च्या आरएफसी ८११७ ने यंत्राची नावं अशी सर्वत्र सांगत सुटण्याची रीत हानिकारक आहे असं स्पष्ट लिहिलं. २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की काही नेटवर्कं डीएचसीपीकडून आलेली ही नावं पत्त्यावरून नाव शोधण्याच्या सार्वजनिक नोंदींत आपोआप घालतात. म्हणजे दूर बसलेला कोणीही, त्या जाळ्यात पाऊल न टाकता, अमक्याचा फोन आज आवारात आला आणि संध्याकाळी गेला, हे वाचू शकतो. त्याच वर्षी आयओएस १६ मध्ये ॲपलने मालकाने फोनला दिलेलं नाव ॲप्सना सहजासहजी मिळणं बंद केलं. लिब्स यांचा स्वतःचं नाव यंत्राला देऊ नका हा सल्ला १९८९ मध्ये सोयीचा होता, आज तो सुरक्षिततेचा आहे. विशेषतः मुलींनी आपल्या फोनचं नाव बदलावं, असं मी ओळखीतल्या प्रत्येकीला सांगते.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी सगळ्यांत जवळचा संबंध येतो तो तिसऱ्या नावाशी. देवनागरीतलं नाव नेटवर्कच्या नियमांत थेट बसत नाही. २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेलं ‘डॉट भारत’ हे डोमेन मराठी, हिंदी, कोकणी यांच्यासाठी देवनागरीत आलं, पण तारेवरून जाताना त्याचं रूप ‘एक्सएन’, दोन रेघा आणि ‘एच२बीआरजे९सी’ असं रोमन होतं. पुनीकोड नावाची ही क्लृप्ती २००३ ची. डोमेनला ती ठीक आहे, कारण ब्राउझर ते उलटं वाचून दाखवतो. यंत्राच्या स्थिर नावासाठी ती निरुपयोगी आहे. लॉगमध्ये किंवा टर्मिनलवर तिला उलटं वाचणारं कोणी नसतं. म्हणून स्थिर नाव रोमनच ठेवावं असं माझं मत आहे, ‘संगम’सारखं, मराठी पण रोमन अक्षरांत.

तिसऱ्या नावाला मात्र ही अडचण नाही. ‘होस्टनेमसीटीएल’ला ‘प्रिटी’ हा पर्याय देऊन ‘आईचा संगणक’ असं लिहिलं तर ते मशीन-इन्फो फाइलीत जसंच्या तसं बसतं. लिनक्सवर ब्लूटूथ सांभाळणारी ब्लूझेड ही प्रणाली याच नावावरून ब्लूटूथ अडॅप्टरचं नाव ठरवते, होस्टनेमडीलाच विचारते. ब्लूटूथमध्ये नावाला २४८ बाइट्सची जागा आहे आणि तीही यूटीएफ-८ मध्ये. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट्स घेतं तरी भरपूर मावतं. शेजारच्या फोनवर उपकरणांची यादी उघडली की तिच्यात ‘आईचा संगणक’ दिसतो.

पण हे सांगणार कोण? डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो. ग्राफिकल इन्स्टॉलर निवडला तर अक्षरंही नीट उमटतात. कुणा स्वयंसेवकांनी त्याच्या एकेका वाक्याचं भाषांतर केलं आहे आणि त्याचं मोल मोठं आहे. तो मराठीत विचारतो, या संगणकाचं नाव काय ठेवायचं. उत्तर मराठीत लिहिलं तर तो ते नाकारतो, कारण त्याला ए ते झेड, शून्य ते नऊ आणि आडवी रेघ एवढंच चालतं. पहिल्यांदा लिनक्स बसवणाऱ्या माणसाला तिथे एवढंच कळतं की प्रश्न आपल्या भाषेत आहे आणि उत्तराला ती चालत नाही. तिसऱ्या नावाची जागा २०११ पासून तयार आहे. इन्स्टॉलरने देवनागरी उत्तर स्वीकारून ते मशीन-इन्फोमध्ये लिहावं, आणि त्यातून रोमन लिप्यंतर करून ‘aicha-sanganak’ असं स्थिर नाव सुचवावं, माणसाने हवं तर ते सुधारावं. देवनागरीचं रोमन लिप्यंतर करणाऱ्या मुक्त लायब्ररी आहेत. यासाठी नवं मानक लागत नाही, कर्नलमध्ये बदल लागत नाही. पुण्या-मुंबईत, नागपूर-कोल्हापुरात लिनक्सवर काम करणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या कोणी हा पॅच लिहावा. डेबियनमध्ये तो पाठवायला मेन्लो पार्कच्या कार्यालयीन वेळेत फोन करावा लागत नाही.